२१ वर्षे न फोडलेले पत्र

पॅरिसमधल्या एका जुन्या इमारतीत नवऱ्याने सोडून दिलेली एक स्त्री राहायला येते. तिच्याजवळ सामान असे काहीच नसते. इमारतीतल्या दोन स्त्रिया तिच्यासाठी बिऱ्हाडाबिऱ्हाडातून काही ना काही गोळा करत ज्याँ पेर्दू या पुस्तकविक्रेत्याच्या दारात येतात. आपण तिला एखादे पुस्तक देऊ, असे पेर्दू म्हणतो. त्यावर त्या त्याला सुचवतात, की पुस्तकापेक्षा काही उपयोगी पडेल असे द्यावे, एखादे टेबल द्यावे. पुस्तके माणसाचे दुःख हलके करतात, असे सांगायला निघालेली कादंबरी पहिल्याच काही पानांत पुस्तकाला मागे सारून टेबल मागते. नीना जॉर्ज यांच्या ‘द लिटल पॅरिस बुकशॉप’वर माझा विश्वास बसला तो या प्रसंगामुळे.

विश्वास बसण्याला कारण होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची मानली जाते. गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यात त्या वेळी छातीपर्यंत पाणी होते. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची सरळ रेघ उमटलेली होती आणि तिच्या खाली जे जे होते ते सगळे संपलेले होते. विश्रामबागेतल्या माझ्या नणंदेने आम्हाला दोन चटया, एक पातेले, कपबशा आणि एक घडीचे टेबल आणून दिले. कोणी पुस्तक आणले नाही, आणि आणले असते तर ते ठेवायला कोरडी जागाही नव्हती. संकट घरात शिरते तेव्हा आधी टेबल लागते, पुस्तकाची वेळ बरीच नंतर येते. ही गोष्ट ज्या लेखिकेला ठाऊक आहे, तिने पुस्तकांची थोरवी गायली तर ती ऐकून घ्यावी, असे मला वाटते.

कादंबरी मूळ जर्मन भाषेतली आहे. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या मूळ नावाचा अर्थ ‘लॅव्हेंडरची खोली’ असा आहे. इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आला आणि मी तोच वाचला. इंग्रजी नाव वाचून एखाद्या गोजिरवाण्या दुकानाची गोष्ट असावी असा समज होतो. जर्मन नाव मात्र थेट दुखण्यावर बोट ठेवते. ही खोली पेर्दूच्याच घरात आहे. तिच्या दारासमोर त्याने पुस्तकांचे कपाट उभे केले आहे आणि २१ वर्षे ती उघडलेली नाही. शेजारणीला टेबल द्यायचे म्हणून कपाट बाजूला होते, खोली उघडते, टेबल नव्या बिऱ्हाडात जाते आणि त्याच्या खणात त्या स्त्रीला, म्हणजे कॅथरीनला, एक पत्र सापडते. पेर्दूची प्रेयसी मानों २१ वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली, तेव्हाचे ते पत्र आहे. त्याने ते फोडलेलेच नाही. आत काय असणार हे आपल्याला ठाऊक आहे, क्षमा मागणारी आणि समजूत घालणारी चार वाक्ये असतील, असे त्याने मनाशी धरले आणि तेवढ्यावर आयुष्याची २१ वर्षे बेतली.

पत्रात तसले काहीच नसते. मानों आजारी होती, ती मरणाच्या दारात उभी होती आणि शेवटची भेट मागत होती. हे मी येथे उघड करते आहे, कारण हे कादंबरीच्या पहिल्या भागातच कळते आणि त्याच्याशिवाय पुढच्या प्रवासाचा अर्थ लागत नाही. पत्रातून जे आणखी निघते आणि शेवटी दक्षिणेकडच्या गावात जे पेर्दूसमोर येऊन उभे राहते, ते मात्र वाचकाने स्वतः वाचावे.

या भागातली एक युक्ती मला फार परिणामकारक वाटली. सुरुवातीच्या पानांवर मानोंचे नाव छापलेलेच नाही. जेथे ते यायला हवे तेथे नुसती रेघ आहे. पेर्दू मनातल्या मनातही ते नाव घेत नाही, म्हणून वाचकालाही ते मिळत नाही. वाचताना डोळा त्या रेघेशी अडखळतो आणि प्रत्येक अडखळण्यातून त्या माणसाने स्वतःला किती आवळून बांधून घेतले आहे ते कळत जाते. मराठी वाचकाला ही रेघ वेगळ्याच अंगाने लागते. माझ्या आईने उखाण्याखेरीज वडिलांचे नाव कधी उच्चारले नाही. आमच्या पिढीने ते बंधन पाळले नाही, तरी यजमान गेल्यावर माझ्यासमोर त्यांचे नाव घ्यायचे लोकांनीच बंद केले. माझी सून ‘बाबा’ म्हणायची तीही वाक्य फिरवून बोलू लागली. माझ्या काळजीपोटीच सगळे असे वागत होते, हे मला दिसत होते. पण त्या काळजीनेच घरात जागोजागी अशा रेघा पडत गेल्या. कादंबरीत पेर्दू ते नाव पहिल्यांदा उच्चारतो तेव्हा लेखिका त्याचा गाजावाजा करत नाही. रेघेच्या जागी अक्षरे येतात, इतकेच होते. मी पुस्तक मिटून ठेवले आणि पुढचे पान दुसऱ्या दिवशी वाचले.

आता पेर्दूच्या दुकानाविषयी. सेन नदीच्या काठाला बांधून ठेवलेल्या एका जुन्या पडावावर, म्हणजे मालवाहू बोटीवर, तो पुस्तके विकतो आणि त्या पडावाला तो पुस्तकांचे औषधालय म्हणतो. ज्या दुखण्यांना डॉक्टर दुखणे मानत नाहीत, त्यांच्यावर पुस्तके द्यायची, असे त्याचे काम आहे. उन्हाळा संपत आल्यावर येणारी उदासी, वाढदिवसाच्या सकाळची बेचैनी, लहानपणीच्या जागेची ओढ अशा तक्रारी घेऊन आलेल्यांना तो पुस्तक काढून देतो. ही कल्पना जॉर्ज यांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. एरिश केस्टनर या जर्मन कवीने १९३६ साली आपल्या कवितांचा एक संग्रह घरगुती औषधपेटीच्या नावाने काढला होता, आणि पुस्तकोपचार या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच्याही आधी, १९१६ साली, सॅम्युएल क्रॉदर्स या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या लेखातून रूढ झाला. जॉर्ज यांनी या जुन्या कल्पनेला नदीवर आणून तिला एक माणूस दिला, आणि त्या माणसाला असे दुखणे दिले ज्यावरचे पुस्तक त्याच्याच कपाटात नाही.

पेर्दूच्या धंद्यातली सर्वांत चांगली गोष्ट ही, की तो पुस्तक नाकारतो. एक ग्राहक स्त्री गाजत असलेली एक कादंबरी मागते आणि तो ती तिला विकायला ठाम नकार देतो, कारण तिच्या त्या वेळच्या मनःस्थितीत ती कादंबरी तिला सोसणार नाही असे त्याचे मत पडते. ग्राहक रागावते. पण या एका नकारात त्या औषधालयाचे सगळे शास्त्र आले आहे. कोणत्याही पुस्तकात आपले आपण बरे करण्याचा गुण नसतो. समोरच्या माणसाकडे कोणीतरी नीट पाहिले, त्याचे ऐकले आणि मग उठून फळीवरून एक पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवले, या पाहण्यात, उठण्यात आणि ठेवण्यात निम्मे औषध असते. कादंबरी हे स्पष्ट शब्दांत कोठेच म्हणत नाही. मुखपृष्ठावरचा मजकूर तर सगळे श्रेय पुस्तकांनाच देतो. पण प्रसंग मात्र हेच दाखवतात, आणि मला प्रसंगांचे म्हणणे अधिक खरे वाटते.

माझ्या हाती ही कादंबरी आली तीही अशीच. माझा एक जुना विद्यार्थी घरच्या पुढच्या खोलीत छोटेसे खासगी वाचनालय चालवतो. यजमान गेल्यावर काही महिन्यांनी त्याने हे पुस्तक घरी आणून दिले आणि म्हणाला, “बाई, परत करायची तारीख लिहिलेली नाही. राहू द्या तुमच्याकडे.” मी ते पंधरा दिवसांनी न वाचता परत पाठवले. दिवाळीनंतर त्याने ते पुन्हा आणले आणि मी पुन्हा परत केले. तिसऱ्या खेपेला ते घरात राहिले आणि एका रात्री झोप येईना म्हणून मी ते उघडले. त्याने पहिल्या नकाराचे वाईट वाटून घेऊन पुस्तक दुसऱ्या वाचकाला देऊन टाकले असते, तर हे परीक्षण लिहायला मी बसलेच नसते. दुःखात असलेल्या कोणाला ही कादंबरी भेट द्यायची इच्छा असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ती वाचली जाईलच अशी अपेक्षा न ठेवता द्यावी लागते.

कादंबरीचा गाभा मला जेथे सापडला ती जागा तिच्या मध्यावर आहे. तेथे दुखऱ्या काळाची कल्पना येते. एक गोष्ट संपली आहे आणि दुसरी अजून सुरू झालेली नाही, या दोहोंमध्ये एक उंबरठा असतो, त्यावर माणसाला थांबावे लागते आणि तो किती रुंद असेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही, असा त्या विचाराचा आशय आहे. आपल्याकडे हा उंबरठा मोजून दिलेला आहे. दहा दिवसांचे सुतक, तेराव्याचे गोडजेवण, महिन्याचे मासिक आणि वर्षश्राद्ध. या व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही. पहिल्या तेरा दिवसांत घरात माणसे असतात, कोण काय करणार हे ठरलेले असते, रडण्याला जागा असते आणि जेवण शेजारून येते. माणूस कोसळू नये म्हणून पिढ्यानपिढ्या घासून तयार झालेली ती पद्धत आहे. पण चौदाव्या दिवशी दार लावले जाते, आणि वर्ष झाल्यावर तर तुम्ही आता सावरलेले आहात असे गृहीत धरले जाते. माझ्यासाठी चौदावा दिवस सर्वांत लांब होता. पेर्दूचा उंबरठा २१ वर्षांचा झाला, कारण त्याला तेरा दिवसही मिळाले नव्हते. प्रेत नाही, निरोप नाही, दुसऱ्याची बायको असलेल्या स्त्रीसाठी रडण्याचा त्याला लोकांच्या नजरेत हक्कही नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणत नाही, त्याचे पुढे काय होते, हे दाखवण्यात ही कादंबरी आपल्या पुष्कळशा तशाच पुस्तकांच्या पुढे आहे.

पत्र वाचल्यावर पेर्दू पडावाचे दोर सोडतो आणि वर्षानुवर्षे एका जागी उभे असलेले ते दुकान पुस्तकांसकट नदीने दक्षिणेकडे निघते. ऐन वेळी मॅक्स जॉर्डन हा तरुण लेखक त्यावर चढतो. पहिल्याच पुस्तकाने त्याला अफाट प्रसिद्धी दिली आहे आणि आता त्याला एक ओळ सुचत नाही. बरोबर दोन मांजरे आहेत, त्यांची नावे काफ्का आणि लिंडग्रेन. पैसे जवळ नाहीत, म्हणून वाटेत पुस्तके देऊन धान्य घ्यायचे. पुढे कुनेओ हा इटालियन स्वयंपाकी भेटतो आणि पडावावर चांगले जेवण शिजू लागते. कालवे, बंद होणारी आणि उघडणारी पाणदारे, काठावरची खेडी, संध्याकाळचे जेवण यांची वर्णने ओघवती आहेत. मधली सुमारे शंभर पाने थोडी सैल पडतात आणि कथा पुढे सरकण्याऐवजी पडावाबरोबर डोलत राहते. वाचकाने तेथे कंटाळून सोडू नये.

प्रवासात क्वीझेरी हे गाव येते. फ्रान्समध्ये ते पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि ते खरोखरीचे गाव आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. स्ट्रॉबेरीच्या शेतांच्या गावात लोकांनी घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या आणि कोणीही आत जाऊन वाचत बसावे अशी सोय केली. भिलारच्या एका घरात बसून मी पूर्वी दुपारभर वाचले आहे. घरची बाई स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाणी हवे का विचारून गेली. क्वीझेरीच्या पानांवर मला त्या दुपारची आठवण होत राहिली, कारण जॉर्ज यांनीही तेथे दुकानांच्या मांडणीपेक्षा पुस्तकांभोवती राहणारी माणसे रंगवली आहेत. पेर्दूला ज्याचा कित्येक वर्षे शोध आहे, त्या एका टोपणनावाच्या लेखकाचा उलगडाही येथेच होतो. त्या टोपणनावामागे सानारी हे दक्षिण फ्रान्समधले समुद्रकाठचे गाव आहे. हिटलरच्या राजवटीपासून जीव वाचवून निघालेल्या थॉमस मान आणि लिओन फॉइश्टवांगर अशा जर्मन लेखकांनी १९३० च्या दशकात त्या गावाचा आसरा घेतला होता. जर्मन लेखिकेने आपल्या दुःखी नायकाला नेमके त्याच किनाऱ्यावर नेऊन थांबवावे, यात तिच्या भाषेचाही एक जुना घाव आहे. हा संदर्भ ठाऊक असला तर शेवटच्या भागातल्या समुद्राला वेगळी खोली येते.

मानोंविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. पेर्दूच्या प्रवासाच्या मध्ये मध्ये तिच्या रोजनिशीची पाने येतात. ती दक्षिणेकडची, उन्हातली, स्पष्ट बोलणारी मुलगी आहे. तिचा नवरा लुक द्राक्षमळ्याचा मालक आहे आणि पॅरिसमधल्या पेर्दूविषयी त्याला ठाऊक आहे. दोघांवर आपले खरे प्रेम आहे, एकाचे दुसऱ्यातून वजा होत नाही, असे ती लिहिते. आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिने तेथेच हात जोडले. मला स्वतःला मानोंचा राग आला नाही, पण तिच्यावर पुरता विश्वासही बसला नाही. रोजनिशीत तिला शंका फार कमी पडतात. दोन घरांत वाटल्या गेलेल्या स्त्रीला कधी थकवा येतो, कधी खोटे बोलावे लागते, एखाद्या सणाच्या दिवशी कोठे असावे हा प्रश्न पडतो, ते सगळे लेखिकेने सुवासाने आणि उन्हाने झाकून टाकले आहे. लुक मात्र थोड्या पानांत पक्का उभा राहतो. पेर्दू त्याच्या दारात जातो तो प्रसंग या कादंबरीतला सर्वोत्तम प्रसंग आहे, कारण तेथे दोन माणसे एकाच मृत स्त्रीच्या दुःखाचे भागीदार म्हणून समोरासमोर येतात आणि बोलण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही नसते.

दोष मोठे आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. पहिला दोष असा, की या कादंबरीतला प्रत्येक माणूस सुभाषिते बोलतो. स्वयंपाकी बोलतो, शेजारीण बोलते, विशी ओलांडलेला मॅक्सही बोलतो. दुःखात असलेले लोक मुळात कमी बोलतात आणि जे बोलतात ते दूध आले का, वीजबिल भरले का, असे असते. अशी साधी वाक्ये येथे हवी होती. दुसरा दोष शेवटचा. ज्याला ज्याला प्रेम हवे आहे त्याला ते मिळते, एकही पात्र एकटे राहत नाही. वाचताना बरे वाटते हे मी कबूल करते, पण ज्या वाचकाच्या आयुष्यात पुढे कोणी येणार नाही आणि ज्याला कोणी यायलाही नको आहे, त्याला ही कादंबरी शेवटच्या पन्नास पानांत एकटे सोडून पुढे निघून जाते. साठीच्या विधवेला समुद्रकाठी नवा जोडीदार नको असतो. तिला तिचेच घर पुन्हा राहण्यासारखे व्हायला हवे असते. त्याची वाट जॉर्ज दाखवत नाहीत.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी का, मला सांगता येत नाही, पण सांगलीच्या वाचकाला ती खटकणारच. हजारो पुस्तके नदीवर तरंगत आहेत आणि ओल, बुरशी, पाणी यांची काळजी कोणाला फारशी पडलेली नाही. कृष्णेने आम्हाला पुस्तक आणि पाणी यांचे नाते वेगळे शिकवले आहे. २०१९ च्या महापुरात येथल्या जुन्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली, आणि घराघरांतली किती गेली याची मोजदाद कोणी केली नाही. भिजलेले पुस्तक फुगते, कपाटाच्या फळीत घट्ट बसते आणि ओढायला गेले तर पुठ्ठा हातात येतो. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक वाळल्यावर विटेसारखे होतात आणि त्यांची पाने पुन्हा सुटत नाहीत. साध्या, खरखरीत कागदाची पुस्तके त्या मानाने तगतात. माझ्या यजमानांनी नणंदेच्या गच्चीवर सतरंजी पसरून पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे आणि टाल्कम पावडर घालून जवळजवळ तीनशे पुस्तके वाळवायला घेतली आणि त्यांतली साठ वाचवली. त्यांच्या पँटच्या गुडघ्यांना पावडर लागलेली असायची. पेर्दूच्या पडावावर मला ती गच्ची सारखी आठवत होती. कादंबरीतल्या नदीने पुस्तके वाहून नेली ती माणसांपर्यंत, आमच्या नदीने ती माणसांपासून नेली. हा फरक लेखिकेला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तो मनात असल्यामुळे तिच्या तरंगत्या दुकानाचे सुख मी थोडे हात राखूनच घेतले.

पुस्तकाच्या बांधणीविषयी आणि भाषेविषयी. इंग्रजी अनुवाद सोपा आहे, पदवीपर्यंत इंग्रजी वाचलेल्याला शब्दकोश क्वचितच लागेल. फ्रेंच माणसांची आणि गावांची नावे सुरुवातीला गोंधळात टाकतात, तेव्हा पहिल्या प्रकरणाजवळ एक कागद ठेवून नावे टिपावीत. मला मिळालेल्या कागदी बांधणीच्या प्रतीतले अक्षर बारीक आहे. साठीपुढच्या वाचकाने दिवसाउजेडी वाचावे. शेवटी प्रोव्हान्स भागातल्या पाककृती दिलेल्या आहेत आणि कोणत्या दुखण्यावर कोणते पुस्तक, याची एक यादीही आहे. पाककृतींपैकी वांगी, भोपळी मिरची आणि टोमॅटोची भाजी आपल्या स्वयंपाकघरात सहज होते. मी तेलाऐवजी तूप घालण्याची चूक केली आणि ती फार जड झाली. औषधांच्या यादीतली बरीच पुस्तके युरोपीय आहेत. ती वाचत असताना मराठी वाचकाच्या मनात आपोआप दुसरी यादी तयार होऊ लागते, आणि माझ्या मते त्या पानांचा खरा उपयोग तोच आहे.

कोणी वाचावी आणि कधी, याचे उत्तर मी असे देईन. पहिल्या महिन्यात कोणालाही देऊ नये. त्या दिवसांत तिच्यातला गोडवा सहन होणार नाही. ज्यांचे माणूस जाऊन वर्ष उलटून गेले आहे आणि लोकांनी विचारणे बंद केले आहे, त्यांना द्यावी. ज्यांचे दुःख कोणी मोजलेच नाही, ज्यांना निरोप घेता आला नाही किंवा रडता आले नाही, त्यांना तर जरूर द्यावी. लेखिकेने हे पुस्तक आपल्या दिवंगत वडिलांना अर्पण केलेले आहे. प्रेमकथेच्या खाली बापाला गमावलेल्या मुलीचा आवाज अधूनमधून ऐकू येतो, आणि जेथे तो ऐकू येतो तेथे सुभाषिते थांबतात.

पेर्दूने पत्र का फोडले नाही, हा प्रश्न मी कादंबरी संपल्यावरही सोडला नाही. लेखिका भीतीकडे आणि अहंकाराकडे बोट दाखवते. मला आणखी एक कारण दिसते. न फोडलेल्या पत्रात बोलणे शिल्लक असते. फोडले की ते संपते. गच्चीवर वाळवलेल्या साठ पुस्तकांत कवितांचे एक जुने पुस्तक आहे. यजमान नोकरीनिमित्त फिरतीवर असत आणि ते पुस्तक त्यांच्या पिशवीत कायम असे. वाळताना त्याची मधली काही पाने एकमेकांना चिकटली. “हे मग सावकाश सोडवू,” असे म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले. तेव्हापासून ते पुस्तक मी पुसून परत जागेवर ठेवत आले होते. कादंबरी वाचून झाल्यावर चौथ्या दिवशी मी चहाच्या आधणाच्या वाफेवर ती पाने धरली आणि स्टीलची पातळ पट्टी हलकेच सरकवली. चौदापैकी चार पाने सुटली. बाकीची फाटतील असे वाटले म्हणून तेथेच थांबले. शाईने लिहिलेले त्यांचे नाव पहिल्या पानावर निळ्या डागासारखे पसरलेले आहे, पण शिसपेन पाण्याने जात नाही. सुटलेल्या पानाच्या समासात, एका कडव्याच्या शेजारी, बारीक अक्षरात लिहिलेले होते: तासगाव स्टँड, एसटी पाऊण तास उशिरा.